खर्जाचा सोस

ज्या घरांत एखादा तरुण बास गिटार वाजवूं लागला आहे, त्या घरांतील वडील मंडळींची तक्रार आतां आमच्या चांगल्याच परिचयाची झाली आहे. पहिलें वाद्य घेऊन दिलें, शिकवणी लावली, येथवर सर्व ठीक. पुढें मात्र चिरंजीव रात्रीं जेवणें आटोपल्यावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच वाद्याचीं आंतडीं बाहेर काढून बसतात. आज तारा बदल, उद्यां बटणें बदल, परवां आंतील लोहचुंबकच बदल, असा क्रम चालतो. आणि एवढें करूनही समाधान होत नाहीं तें नाहींच. शेवटीं अमेरिकेंतील अमुक एका कारागिराच्या हातचें वाद्य हवें असा हट्ट सुरू होतो, आणि किंमत ऐकून घरांतील बायका देवघराकडे पाहूं लागतात. दोन्ही वाद्यें तर सारखींच दिसतात, मग हा भेद कसला, असें आजोबा विचारतात. त्याचें उत्तर चिरंजिवांस नीट देतां येत नाहीं. तें उत्तर देण्याचा आमचा आज विचार आहे. हा प्रश्न पैशाचा आहे तितकाच कानाचाही आहे, आणि दोहोंचा हिशेब एकाच वहींत मांडल्यावांचून तो सुटत नाहीं.

ज्यांनीं हें वाद्य जवळून पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द. बास गिटार ही साध्या गिटारीची थोरली बहीण. तारा चार, जाड. खर्जाकडून वर ई, ए, डी, जी या पाश्चात्य स्वरांत लावलेल्या, म्हणजे प्रत्येक तार आपल्या आधींच्या तारेच्या मध्यमांत. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. हिचें काम मिरविण्याचें नव्हे. ताल आणि स्वर यांच्या सांध्यावर बसून दोघांस बांधून ठेवावें, हें तिचें काम. ती वाजत असतां पुष्कळांच्या लक्षांतही येत नाहीं, पण थांबली कीं सारें गाणें पोकळ झाल्यासारखें वाटतें. तंबोऱ्याशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. जवारीवरील सुताचा धागा केसभर सरकला तरी नाद उघडतो किंवा मिटतो, हें ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांना नादाच्या पायीं रात्रीं जागविणारा मुलगा अगदींच वेडा वाटूं नये.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. तोंवर खर्जासाठीं माणसाहूनही उंच असा उभा डबल बास वापरीत; तो नेण्या-आणण्यास अवजड, आणि विजेवरील इतर वाद्यांच्या गलबल्यांत त्याचा आवाज बुडून जाई. फेंडरनें १९५१ सालीं त्याच्या जागीं गळ्यांत अडकवितां येईल असें वाद्य काढलें, त्यावर सतारीसारखे पडदे बसविले, आणि बोट पडद्यामागें पडलें कीं स्वर अचूक लागतो म्हणून त्याचें नांव ‘प्रिसिजन’ असें ठेविलें. घोडीपासून वरच्या नटापर्यंत तारेची लांबी त्यानें ३४ इंच धरली. तीच आजतागायत बहुतेकांनीं प्रमाण मानली आहे. १९६० मध्यें त्यानें दोन पिकअपांचें ‘जॅझ बास’ काढलें. या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हें वाद्य दुरुस्तीच्या धंद्यांतील माणसानें कल्पिलेलें होतें. दांडी धडाला सरसानें न चिकटवितां चार स्क्रूंनीं जोडलेली. वरची पत्र्याची किंवा प्लास्टिकची चकती काढली कीं विजेचें सारें काम उघडें. व्हायोलिनच्या कारागिरास जें पाप वाटलें असतें तें येथें पहिल्या दिवसापासून सोयीचें करून ठेविलेलें होतें. मग तरुणांनीं स्क्रू-ड्रायव्हर उचलला तर दोष कोणाचा?

पण स्क्रू-ड्रायव्हरला हातही न लावणाऱ्या माणसाची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कित्येक गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत बास वाजविणारा जेम्स जेमर्सन १९६२ च्या एका साध्या प्रिसिजनवर वाजवी. तारा जाड व सपाट गुंडाळणीच्या. त्या तो तुटल्याखेरीज बदलीत नसे. तारा पट्टीपासून इतक्या उंच कीं दुसऱ्या कोणास तें वाद्य वाजविणें कठीण जाई. घोडीजवळ स्पंजाचा तुकडा दडपलेला, त्यामुळें स्वर लांबत नसे. उजव्या हाताचें एकच बोट, तर्जनी, तो तारांवर चालवी. वाद्य कारखान्यांतून जसें निघालें तसेंच. तरी गेल्या साठ वर्षांत ज्या नादाचें अनुकरण सर्वांत अधिक झालें असेल तो हाच. १९८३ मध्यें जेमर्सन वारला. त्याच्या मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस तें वाद्य चोरीस गेलें. आजोबांच्या बाजूनें याहून बळकट पुरावा मिळणें नाहीं, आणि तो त्यांनीं जरूर पुढें करावा. मात्र त्यांतील मेख ध्यानांत घ्यावी. जुनी तार, उंच घोडी आणि स्पंजाचा तुकडा या तिन्ही गोष्टी म्हणजे जुळवणीच होय. फुकट झाली म्हणून ती जुळवणी नव्हे, असें म्हणतां येणार नाहीं.

मग मोलाच्या वाद्यांची ही नवी परंपरा कोठून आली? १९६५ मध्यें फेंडरनें आपला कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीस विकला, आणि त्यानंतरच्या मालांत पूर्वींची नजर राहिली नाहीं अशी वाजविणारांची समजूत होऊं लागली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या आसमंतांत ‘ग्रेटफुल डेड’ या वादकमंडळाच्या आश्रयानें १९६९ मध्यें ‘अलेम्बिक’ नांवाचें कार्यालय निघालें. त्यांचें आरंभींचें काम नवीं वाद्यें घडविण्याचें नव्हतेंच. रॉन विकरशॅम हा विजेच्या यंत्रांतील जाणता. तो फिल लेश आणि जॅक कॅसडी यांच्या तयार गिटारी उघडून त्यांत नवीं पिकअपें आणि नवीं मंडलें बसवून देई. तयार वाद्याच्या पोटांत आपल्या कल्पना मावेनात तेव्हां त्यांनीं स्वतःचें वाद्य केलें. पहिलें १९७२ मध्यें कॅसडीसाठीं. पुढें स्टॅन्ली क्लार्कनें तें वाद्य हातीं घेतलें आणि मागच्या रांगेंतील बास पुढें येऊन एकल वाजूं लागला. न्यूयॉर्कांत रॉजर सॅडोस्कीनें १९७९ मध्यें दुरुस्तीचें दुकान काढलें. मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बासांत त्यानें बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसविला, आणि तो नाद इतका गाजला कीं पुढें तसेंच वाद्य मुळापासून करून द्या अशी मागणी येऊं लागली. म्हणजे ज्यांस आज ‘बुटीक’ वाद्यें म्हणतात त्यांचा जन्म फेरफारांच्या टेबलावरच झाला आहे. घरांतील चिरंजीव रात्रीं जें करीत बसतात तीच या कुळाची गंगोत्री आहे.

या सर्वांत आम्हांस विशेष वाटतो तो अँथनी जॅक्सन. न्यूयॉर्कमध्यें १९५२ सालीं जन्मलेल्या या वादकानें जेमर्सन आणि कॅसडी या दोघांसही गुरुस्थानीं मानलें होतें. त्याच्या मनांत एक साधा प्रश्न आला. गिटारीच्या कुळांतील खर्जाच्या वाद्यास चारच तारा कां? फेंडरनें डबल बासकडे पाहून चार बसविल्या म्हणून. पण बास जर गिटारच असेल तर तिला सहा हव्यात. त्याच्या सांगण्यावरून कार्ल थॉम्प्सन या कारागिरानें १९७५ मध्यें सहा तारांचें वाद्य करून दिलें. खालीं बी, म्हणजे सेकंदास जेमतेम ३१ कंपनांची तार, आणि वर सी. लोक हंसले. वाद्यही मनाजोगें उतरलें नाहीं. तारा एकमेकींस इतक्या जवळ आल्या कीं बोटें अडखळत. दुसऱ्या कारागिराकडून दुसरें करविलें. पुढें ब्रुकलिनमध्यें १९८३ सालीं विनी फोडेरा व जोई लॉरिसेला यांनीं काढलेल्या फोडेरा कारखान्याशीं त्याची गांठ पडली आणि वर्षानुवर्षें एकामागून एक वाद्य होत गेलें. तारांतील अंतर वाढलें. तारेची लांबी ३४ वरून ३६ इंच झाली. कारण त्याच स्वरास तार लांब घेतली म्हणजे ती अधिक ताणून बसवावी लागते, आणि ताण वाढला कीं ३१ कंपनांचा तो घुमारा चिखलासारखा न राहतां स्वर म्हणून ऐकूं येतो. दांडी जेथें धडास मिळते तेथील वरची खांच बुजवून सांधा भक्कम केला.

आणि शेवटीं त्या वाद्यावर बटण एकही राहिलें नाहीं! आवाज कमी-अधिक करण्याचें नाहीं, नाद बदलण्याचें नाहीं. एकच पिकअप, आणि त्याची तार सरळ बाहेर. ज्या वाद्यांत आमचे तरुण मित्र पांच-सहा बटणें मोजून घेतात, त्याच जातीच्या वाद्याच्या शिखरावर बसलेल्या माणसानें शेवटचें बटणही काढून टाकलें. जोर, मार्दव, उजेड, काळोख, जें काय आणावयाचें तें त्यानें बोटांनीं आणलें. त्यानें कारागिरांस इतकीं वर्षें दमविलें तें लहरीखातर नव्हे. प्रत्येक खेपेस आपल्याला काय कमी पडतें हें त्याला नांव घेऊन सांगतां येत होतें. आमच्या मतें मोलाचें वाद्य मागविण्याची पात्रता ती हीच. आपली उणीव ज्याला सांगतां येते त्यालाच कारागीर उपयोगी पडतो. ज्याला ती सांगतां येत नाहीं, त्याला कितीही डॉलर मोजून दुसऱ्याच कोणाच्या उणिवेचें उत्तर मिळतें. सहा तारांचें असें घडवून घेतलेलें वाद्य सहज दहा हजार डॉलरांच्या पुढें जातें, तेव्हां हा विचार अगोदर झालेला बरा.

उणीव ओळखावी कशी? येथें आम्ही जरा तपशिलांत शिरतों. ज्यांस कंटाळा येईल त्यांनीं चार परिच्छेद गाळावे.

सर्वांत पहिल्या तारा. त्या खर्चाच्या मानानें सर्वांत अधिक फरक करतात, आणि बहुतेक मुलें त्यांनाच सर्वांत शेवटीं हात लावतात. गोल गुंडाळणीच्या तारांचा नाद चकचकीत, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा. सपाट गुंडाळणीच्या तारांचा मऊ, आखूड, बोटांचा खरखराट न करणारा. आपल्या दमट हवेंत आणि घामट हातांत नव्या तारेची चकाकी लौकर जाते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें तारा पुसण्याची संवय आईनें लावली तर ती पिकअपच्या किंमतीइतकी बचत करील. तारांचा प्रकार बदलून महिनाभर वाजविल्याखेरीज वाद्याच्या आंत हात घालूं नये असा आमचा हट्ट आहे.

त्यानंतर जुळवणी. दांडीच्या आंत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांच्या ओढीनें दांडी पुढें वांकूं पाहते तिला ही सळई उलट बाजूनें धरून ठेवते. तार पहिल्या पडद्यावर एका हातानें आणि दांडी धडास मिळते तेथील पडद्यावर दुसऱ्या हातानें दाबावी. मग सातव्या-आठव्या पडद्यापाशीं तार व पडदा यांमध्यें पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहिली तर दांडीचा बांक योग्य समजावा. फट जास्त असेल तर सळई आंवळावी, नसेलच तर सैल करावी. पण एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक नाहीं, आणि मध्यें एक रात्र जाऊं द्यावी. लांकूड आपल्या सवडीनें वळतें. नंतर घोडीवरील स्क्रूंनीं तारांची उंची. बाराव्या पडद्यावर दोन ते अडीच मिलिमीटर ही बहुतेकांस मानवते. शेवटीं स्वर. बाराव्या पडद्यावर तारेस नुसतें बोट टेकवून जो षड्ज निघतो तो आणि तेथेंच तार दाबून निघणारा स्वर एकच असला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर घोडीवरील ती खुंटी मागें सारून तार लांब करावी. हा क्रम उलटा केला तर सगळें काम पुन्हां करावें लागतें. मुंबई-कोंकणांत पावसाळ्यांत दांडी एक वागते आणि पौषांत दुसरें. हिंवाळ्यांत पट्टी आकसून पडद्यांचीं टोंकें तळहातास टोंचूं लागतात. वर्षांतून दोनदां ही जुळवणी करावी लागली तर वाद्य वाईट आहे असें समजूं नये. हातघडणीच्या पुष्कळ वाद्यांत दांडींत कार्बन तंतूंच्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यामुळें ऋतूचा हा त्रास कमी होतो. आपल्या हवेंत मोलाच्या वाद्याचा जो खरा फायदा आहे तो आम्हांस येथें दिसतो, वरच्या चित्रविचित्र लांकडी पापुद्र्यांत नाहीं.

मग पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारों वेढे. पोलादी तार हालली कीं त्यांत वीज उत्पन्न होते. दांडीजवळचें पिकअप गोल, भरीव नाद देतें, घोडीजवळचें कडक व नाकांतला. जॅझ बासाचीं दोन्ही पिकअपें सारखीं उघडलीं म्हणजे त्यांची गुणगुण एकमेकींस मारते, आणि मधला भागही थोडा खचतो. एकाचें बटण किंचित् मागें घेतलें कीं नादास कणा येतो, पण गुणगुणही परत येते. पिकअप तारांच्या फार जवळ आणलें तर आवाज मोठा होतो खरा, परंतु लोहचुंबक तारेलाच ओढूं लागतो आणि खर्जाचा स्वर डगमगतो. पुष्कळांनीं वाद्याचा दोष समजून विकलेलीं वाद्यें दोन स्क्रू सैल करून सुधारलीं असतीं.

बटणांविषयीं थोडकेंच. जुन्या पद्धतीच्या वाद्यांत नादाचें बटण केवळ वरचा चकचकीतपणा गाळतें, नवें कांहीं घालीत नाहीं. अलेम्बिकच्या मार्गानें आलेल्या वाद्यांत नऊ व्होल्टची बॅटरी असते. त्यांत खर्ज, मध्य, तार हे तिन्ही भाग वाढवितां आणि घटवितां येतात. आमचा अनुभव असा कीं नवशिका वाढविण्याचेंच बटण पाहतो. खर्ज वाढवितो, तार वाढवितो, मध्य मागें टाकतो. घरीं एकट्यानें ऐकावयास तें फार गोड वाटतें. मग चौघांच्या मेळांत गेला म्हणजे त्याचा खर्ज ढोलाच्या पोटांत जातो, तार झांजेंत विरते, आणि बिचारा ऐकूंच येत नाहीं. मेळांत बास ऐकूं येतो तो मध्यभागानें, त्याच भागानें ज्याला एकांतांत तो रुक्ष म्हणून टाकीत होता. नाद लावावयाचा तर इतरांच्या संगतींत लावावा. घरच्या खोलीवरही विश्वास ठेवूं नये. खालच्या ई तारेच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरांच्या आसपास, आणि आपली खोली बारा फुटांची. एक स्वर भिंतीभिंतींतून घुमतो, दुसरा नाहींसा होतो. अँप्लिफायर कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढला तरी वाद्य बदलल्यासारखें वाटेल, आणि त्यास खर्च कांहीं नाहीं. बॅटरीच्या वाद्याची केबल रात्रीं काढून ठेवावी. ती आंत असेतोंवर बॅटरी जळत राहते.

एका बाबतींत मात्र वडील मंडळींनीं स्वस्थ बसूं नये. जुन्या वाड्यांतील विजेस पुष्कळदां अर्थिंग नसतें. तारांस हात लागला कीं गुणगुण थांबते असा अनुभव आला म्हणजे मुलें खूष होतात. पण त्याचा अर्थ तारा घोडीमार्गें विजेच्या जमिनीच्या तारेस जोडलेल्या आहेत, आणि ती जमीन खरोखर जमिनींत गेलेली नसेल तर हातांत वाद्य आणि ओठांशीं मायक्रोफोन अशा स्थितींत जीवावर बेततें. स्वान्सी येथें १९७२ च्या मे महिन्यांत ‘स्टोन द क्रोज’ या मंडळाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर असाच गेला. नव्या पिकअपचे पैसे देण्यापूर्वीं वायरमन बोलावून घरचें अर्थिंग तपासून घ्यावें. ही फेरफारांतली पहिली फेरफार समजण्यास हरकत नाहीं.

लांकडाविषयीं वाद पुष्कळ आहे. कोणत्या झाडाचें धड असल्यानें नाद कसा होतो, यावर कारागीरही एकमत नाहींत. दांडी किती ताठ आहे यास आम्ही अधिक महत्त्व देतों. पट्टीच्या लांकडाचा मात्र आपल्याशीं जवळचा संबंध आहे. ब्राझीलच्या रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद झाला. जगांतील असंख्य गिटारींच्या पट्ट्या हिंदुस्थानांतील शिसवीच्या असतात, ज्या शिसवीचे आपल्याकडे जुने पलंग आणि देव्हारे झाले तीच ही, आपल्या सह्याद्रींत वाढणारी. २०१७ मध्यें या कुळांतील सर्व लांकडांस परवान्याचीं बंधनें लागलीं. तयार वाद्यांस २०१९ मध्यें त्यांतून पुष्कळशी सूट मिळाली. जुनें, ब्राझीलच्या लांकडाचें वाद्य परदेशांतून आणूं म्हणणारानें कागदपत्रें पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

हें वाद्य मुलींच्या हातास जड, असें एक मत आम्हीं ऐकलें. वजन चार किलोंच्या आसपास असतें, कांहीं मोलाच्या वाद्यांचें त्याहूनही अधिक, आणि तें तासभर खांद्यावर घेणें पुरुषासही सोपें नाहीं. रुंद पट्टा आणि हलकें धड हा त्यावर उपाय. तीस इंची तारेचीं वाद्येंही मिळतात. मुंबईंत वाढलेल्या मोहिनी डे हिनें लहानपणीं वडिलांपाशींच या वाद्याचे धडे घेतले आणि आज तिचें नांव देशाबाहेरही घेतलें जातें. तेव्हां हा मुद्दा आम्ही येथेंच सोडतों.

राहिला मालकीचा प्रश्न. तारा, उंची, बटणें, पिकअपें, प्रीअँप, हें सारें मागें घेतां येतें. लांकडास छिन्नी लावली कीं मागें येणें नाहीं. नवें मोठें पिकअप बसावें म्हणून धडांत खळगा कोरला, जुना रंग घांसून काढला, दांडीवरचे पडदे उपटले, तर वाद्य कदाचित् अधिक आवडेल. पण तें विकावयास गेलें असतां घेणारा तोंड फिरवितो, आणि १९६५ पूर्वींचें फेंडर असेल तर त्याचें मोल कितीतरी उतरतें. जॅको पास्टोरिअसच्या १९६२ च्या जॅझ बासावर पडदे नव्हते. उघड्या पट्टीवर त्यानें नावांस लावतात तो इपॉक्सीचा लेप चढविला होता आणि तारेचा तो गळ्यासारखा, मींड घेणारा आवाज जगानें प्रथम ऐकला तो त्या वाद्यांतून. १९८६ मध्यें न्यूयॉर्कांतील एका बागेंतून तें नाहींसें झालें आणि कित्येक वर्षांनीं सांपडलें. त्याचें उदाहरण सांगून छिन्नी मागणाऱ्या तरुणास आम्ही इतकेंच विचारतों कीं, पडदे नसलेलें एखादें स्वस्त वाद्य आधीं सहा महिने वाजविलें काय? पडद्यांवांचून स्वर लागतो कीं नाहीं हें कान सांगेल, आणि घरचें वाद्यही शाबूत राहील.

मागविण्यापर्यंत गोष्ट गेलीच तर कारागिरास वाट पाहण्याचे महिने किती, रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळते कीं नाहीं, दांडीची रुंदी व जाडी किती, वजन जास्तींत जास्त किती, हें लेखी विचारावें. पापुद्र्याच्या रंगाविषयीं सर्वांत शेवटीं. आणि ज्या वाद्यांत फेरफार करावयाची त्यांतून काढलेला प्रत्येक भाग, एकूणएक स्क्रू, कागदांत गुंडाळून, वर तारीख लिहून, एका पत्र्याच्या डब्यांत ठेवावा. तो डबा आजीच्या स्वाधीन करावा. घरांत तिच्याइतक्या वस्तु सांभाळणारें दुसरें कोणी नसतें. फक्त तिला एवढें सांगून ठेवावें कीं तो लोणच्याच्या बरण्यांशेजारीं नको. मीठ आणि लोखंड यांचें पटत नाहीं.